वनजिल्ह्यांतील मुलांची दृष्टी : चष्मा, ऊन आणि रात्रीची भिंगे

फळ्यावरील अक्षर दिसत नाही, अशी तक्रार लहान मूल सहसा आपणहून करीत नाही. आपल्याला दिसते तसेच ते सर्वांना दिसत असणार, अशी त्याची समजूत असते. ते डोळे बारीक करून पाहते, पुढे सरकून बसते, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते. आणि एवढ्यानेही भागेनासे झाले, की अभ्यासात मागे पडते. शाळेत ते 'मंद' ठरते, घरी आळशी ठरते. आश्रमशाळेतील मुलाचे आईवडील तर दूरच्या गावी असतात. त्याच्या डोळ्यांकडे लक्ष देणारे माणूस म्हणजे शिक्षक किंवा अधीक्षक. यास्तव मुलांची निकटदृष्टिता, म्हणजे जवळचे दिसणे पण दूरचे अस्पष्ट दिसणे, हा केवळ नेत्रवैद्यकाचा विषय राहत नाही. तो शिक्षणाचा आणि ग्रामव्यवस्थेचाही विषय होतो.

या दोषावर अलीकडच्या काळात एक नवा उपचार महानगरांतून रूढ होत आहे. रात्री झोपताना डोळ्यांत विशिष्ट स्पर्शभिंगे, म्हणजेच कॉन्टॅक्ट लेन्स, घालावयाची, सकाळी काढावयाची आणि दिवसभर चष्म्याविना वावरावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. त्याची माहिती जाहिरातींतून व भ्रमणध्वनीवरून चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील पालकांपर्यंतही पोहोचते. हा उपचार खरा आहे काय, तो कोणासाठी आहे आणि आपल्या जिल्ह्यांत प्रथम काय करावयास हवे, याचा विचार येथे केला आहे.

दोष कोठे असतो

नवजात बालकाचा नेत्रगोल पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो. प्रौढ वयात ही लांबी २३ ते २४ मिलिमीटर होते. काही मुलांत ही वाढ योग्य जागी थांबत नाही. नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांबला, की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच तयार होते आणि वस्तू धूसर दिसते. लांबी १ मिलिमीटरने अधिक झाली, तर चष्म्याचा नंबर सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरने वाढतो. उणे १ नंबर असलेल्या मुलाला चष्म्याविना १ मीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. उणे २ असल्यास अर्ध्या मीटरपर्यंतचेच. फळा त्याहून कितीतरी दूर असतो.

एकदा लांबलेला नेत्रगोल पुन्हा आखूड होत नाही. चष्म्याचे अंतर्गोल भिंग प्रतिमा मागे नेऊन योग्य जागी आणते व दृष्टी स्पष्ट करते. परंतु साधा चष्मा नेत्रगोलाची वाढ रोखत नाही. मूल जितक्या लहान वयात निकटदृष्टी होते, तितका नंबर मोठेपणी अधिक होण्याचा संभव असतो. उणे ६ च्या पलीकडे गेलेल्या डोळ्यांत पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटणे, त्याच्या मध्यभागाची झीज होणे, काचबिंदू होणे यांचा धोका बराच वाढतो. म्हणून नंबर वाढण्याचा वेग कमी करता आला, तर त्याचा लाभ केवळ शाळेपुरता नसून जन्मभराचा असतो. रात्रीच्या भिंगांचे महत्त्व येथेच आहे.

रात्रीची भिंगे काय करतात

डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यास पारपटल म्हणतात. बाहेरून येणारे प्रकाशकिरण वळविण्याचे बहुतांश कार्य हा पडदा करतो. रात्री वापरावयाची भिंगे कठीण परंतु प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या द्रव्याची असतात. त्यांचा आतील पृष्ठभाग मध्यभागी चपटा व कडेस अधिक वक्र असा मुद्दाम घडविलेला असतो. झोपेत भिंगाखालील अश्रूंच्या पातळ थराचा दाब पारपटलाच्या सर्वांत वरच्या पेशीथरावर पडतो. हा थर मध्यभागी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतका पातळ होतो व सभोवती किंचित जाड होतो. पारपटल मध्यभागी चपटे झाल्याने दूरचे स्पष्ट दिसू लागते. पहिल्या रात्रीनंतरच फरक जाणवतो आणि एक-दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम मिळतो. वापर थांबविल्यास पारपटल काही दिवसांत ते काही आठवड्यांत पूर्वस्थितीस येते. म्हणजे हा दोष कायमचा बरा करणारा उपचार नव्हे. भिंगे नित्यनेमाने वापरावी लागतात आणि ठराविक काळाने बदलावी लागतात.

कठीण भिंगांनी पारपटलास आकार देण्याचा प्रयत्न अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात सुरू झाला. झोपेत वापरण्याच्या भिंगांना तेथील औषध नियंत्रण यंत्रणेने २००२ मध्ये प्रथम मान्यता दिली. पुढे या भिंगांनी नेत्रगोलाची लांबी वाढण्याचा वेगही मंदावतो, असे दिसून आले. हाँगकाँग येथे ६ ते १० वर्षांच्या मुलांवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांत चष्मा लावणाऱ्या मुलांचा नेत्रगोल सरासरी ०.६३ मिलिमीटरने, तर रात्रीची भिंगे वापरणाऱ्यांचा ०.३६ मिलिमीटरने वाढला. वाढीतील ही घट ४३ टक्के होती. भिंगामुळे दृष्टिपटलाच्या कडेवरील प्रतिमेची जागा बदलते व त्यामुळे वाढीस मिळणारी चालना कमी होते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. तात्पर्य, हा उपचार शास्त्रीय कसोटीस उतरलेला आहे.

धोक्याची बाजू

तथापि, मिटलेल्या पापणीखाली रात्रभर भिंग ठेवणे म्हणजे पारपटलास मिळणारा प्राणवायू कमी करणे होय. अशा पारपटलावर सूक्ष्म ओरखडा पडला आणि भिंग अस्वच्छ असले, तर जंतुसंसर्ग होऊन व्रण पडतो. व्रण भरला तरी पांढरे फूल मागे राहते आणि दृष्टी कायमची अधू होऊ शकते. अमेरिकेतील एका पाहणीनुसार, जी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, दहा हजार मुलांनी वर्षभर ही भिंगे वापरल्यास सुमारे १४ मुलांना असा संसर्ग होतो. हा आकडा लहान वाटतो. परंतु ज्या समाजात स्वच्छ पाणी, नियमित तपासणी व तातडीचा उपचार हाताशी आहे, तेथील तो आहे. या शतकाच्या आरंभी चीनमध्ये पुरेशा देखरेखीविना ही भिंगे दिली गेली, तेव्हा गंभीर संसर्गाची अनेक उदाहरणे घडली आणि तेथील शासनास निर्बंध आणावे लागले.

या संसर्गांत अकँथामीबा नावाचा एक सूक्ष्मजीव विशेष घातक आहे. तो नळाच्या, विहिरीच्या व साठविलेल्या पाण्यात राहतो आणि त्याच्यावरील उपचार महिनोन्‌महिने चालतो. म्हणून भिंग किंवा त्याची डबी साध्या पाण्याने कधीही धुवावयाची नसते. त्यासाठी विशिष्ट द्रावणच वापरावे लागते. भिंग हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावे लागतात आणि डबी वेळोवेळी बदलावी लागते. डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे, पाणी वा घाण येणे, दृष्टी धूसर होणे यांपैकी एकही लक्षण दिसताच भिंग काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक असते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या थेंबांवर दिवस काढणे धोक्याचे असते.

वनजिल्ह्यांचा हिशेब

आता हाच उपचार चंद्रपूर-गडचिरोलीच्या परिस्थितीत ठेवून पाहू. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२ आहे. जिल्ह्याचा बहुतांश भूभाग वनाच्छादित आहे. सिरोंचा किंवा भामरागड येथून जिल्ह्याच्या ठिकाणी येण्यासच दीडशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटतो, हा तेथील लोकांचा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

रात्रीची भिंगे बसविण्यापूर्वी पारपटलाच्या वक्रतेचा नकाशा काढणारे यंत्र लागते. पहिल्या रात्रीनंतर, आठवड्यानंतर, महिन्यानंतर व पुढे दर काही महिन्यांनी तपासणी लागते. भिंगांच्या जोडीचा खर्च हजारो रुपयांत जातो, तर साधा चष्मा शेकड्यांत होतो. वसतिगृहातील एका मोठ्या खोलीत अनेक मुले झोपतात, हातपंपावर हात धुतात, सामान एकमेकांच्या पेटीत ठेवतात. अशा ठिकाणी भिंगांची शिस्त दररोज सांभाळणे मुलास व अधीक्षकास शक्य होणार नाही. पालकांनी आणि शिक्षकांनी स्वतःस एकच प्रश्न विचारावा : डोळा लाल झाला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठता येईल काय? उत्तर 'नाही' असेल, तर रात्रीची भिंगे त्या मुलासाठी नाहीत.

चंद्रपूर, बल्लारपूर यांसारख्या शहरांतील ज्या मुलाचा नंबर दरवर्षी झपाट्याने वाढत आहे, तो सुमारे उणे ६ च्या आत आहे, डोळ्यांना खाज, कोरडेपणा वा अन्य विकार नाही आणि पालक दररोज स्वतः देखरेख करू शकतात, त्याच्यासाठी तज्ज्ञाच्या सल्ल्याने या उपचाराचा विचार जरूर करावा. वेग कमी करण्याचे अन्य मार्गही आहेत. ॲट्रोपीन या औषधाचे अत्यंत सौम्य थेंब रात्री घालणे हा एक मार्ग होय. कडेच्या भागात विशिष्ट रचना असलेली चष्म्याची भिंगे हा दुसरा. हाँगकाँग येथील चाचणीत, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, अशा चष्म्याने नंबर वाढण्याचा वेग निम्म्याने कमी झाला. यांत पारपटलास भिंग लागत नसल्याने व्रणाचा तो धोका नसतो. मात्र थेंब तज्ज्ञाच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत. धोतऱ्याच्या झाडात ॲट्रोपीनसारखीच द्रव्ये असली, तरी त्याचा रस डोळ्यांत घालणे घातक आहे, हे गावोगाव सांगितले पाहिजे.

प्रथम मूल शोधावे

ग्रामीण भागात हा दोष शहरापेक्षा कमी आढळतो. तत्कालीन आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील ७ ते १५ वर्षांच्या मुलांच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ४ टक्के होते, तर दिल्लीतील ५ ते १५ वर्षांच्या मुलांत ७.४ टक्के होते. दोन्ही पाहण्या २००२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दिल्लीतीलच शाळांच्या पुढील पाहणीत, जी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, हे प्रमाण १३.१ टक्के आढळले. आपल्या जिल्ह्यांसाठी ४ टक्के हाच आकडा धरून चालू. तरीही ४०० मुलांच्या आश्रमशाळेत १६ मुलांना फळा नीट दिसत नाही, असा त्याचा अर्थ होतो. या सोळांचे चष्मे एका मुलाच्या भिंगजोडीच्या खर्चाहून कमी पैशांत होतात. प्रश्न पैशाचा कमी आणि ही सोळा मुले ओळखण्याचा अधिक आहे.

त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे ६ मीटर लांबीची दोरी, दृष्टितक्ता आणि एक डोळा झाकण्यास जाड कागद. तक्ता चांगल्या उजेडात, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा. मूल ६ मीटरवर उभे करून एकेक डोळा स्वतंत्रपणे तपासावा. दोन्ही डोळे एकदम तपासल्यास चांगला डोळा अधू डोळ्यास झाकून टाकतो. निरोगी डोळा जी ओळ ९ मीटरवरून वाचतो, ती ६/९ ची ओळ होय. ती ६ मीटरवरूनही कोणत्याही एका डोळ्याने वाचता न आल्यास त्या मुलाचे नाव पुढील तपासणीसाठी लिहावे. वाचता न येणाऱ्या किंवा माडिया, गोंडी हीच भाषा जाणणाऱ्या लहान मुलांसाठी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे तोंड असलेल्या तीन दांड्यांच्या आकृतीचा तक्ता वापरावा. दांड्या कोणीकडे आहेत ते मुलाने बोटांनी दाखवावे. यास भाषा लागत नाही.

आणखी एक साधी परीक्षा आहे. जाड कागदास टाचणीने बारीक छिद्र पाडून त्यातून पाहिल्यावर मुलास अधिक स्पष्ट दिसू लागले, तर दोष बहुधा चष्म्याने दूर होणारा असतो. छिद्रातूनही सुधारणा नसेल, तर डोळ्यांत अन्य विकार असू शकतो व नेत्रतज्ज्ञाकडील तपासणी टाळता येत नाही. या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि हा आजार दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांनाही इजा करू शकतो. अशा मुलांबाबत विशेष दक्षता घ्यावी. तिरळेपणा असलेल्या किंवा एकच डोळा अधू असलेल्या मुलास विलंब लावू नये. सात-आठ वर्षांच्या वयानंतर असा डोळा सुधारणे अवघड होत जाते.

अशा साध्या कामाने खरोखर फरक पडतो काय, अशी शंका घेणाऱ्यांनी गडचिरोलीचेच उदाहरण आठवावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिच्यामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ दूर असले तरी नेमके शिकविलेले काम गावातील माणूस चोख करू शकतो, हा त्याचा धडा आहे. दृष्टितपासणीस तो तंतोतंत लागू पडतो.

चष्मा मिळाल्यानंतर

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. शाळकरी मुलांची दृष्टितपासणी व गरजूंना मोफत चष्मे ही त्यातील एक बाब आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देतात. शिक्षकांनी आपली यादी आधीच तयार ठेवली, तर पथकाचा वेळ शोधण्यात न जाता उपचारात जातो.

चष्मा हाती आला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. मुले चिडवतात, दांडी मोडते, मुलीच्या लग्नास अडचण येईल या भीतीने घरची माणसे चष्मा काढावयास लावतात. चष्म्याने नंबर वाढतो, हा समज चुकीचा आहे. उलट, मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्यास दोष अधिक वेगाने वाढल्याचे मलेशियातील २००२ च्या अभ्यासात आढळले. चीनमधील गान्सू व शान्सी प्रांतांतील २५२ शाळांत झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गरजू मुलांना मोफत चष्मे दिल्यावर त्यांचे गणिताचे गुण वाढले. चौकट मुलास स्वतः निवडू द्यावी, वर्गात चष्मा घालणाऱ्यास चिडवू देऊ नये आणि दरवर्षी नंबर पुन्हा तपासावा. एवढ्याने चष्मा पेटीत न राहता नाकावर राहील.

ऊन आणि सावली

दोष होऊच नये म्हणून सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दिवसाचा मोकळा उजेड. ग्वांगजौ येथील १२ प्राथमिक शाळांत सहा शाळांतील मुलांना दररोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर देण्यात आला. तीन वर्षांनंतर त्या शाळांत ३०.४ टक्के मुले निकटदृष्टी झाली, तर इतर शाळांत ३९.५ टक्के. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्लीतील उपरोक्त पाहणीतही आठवड्यात १४ तासांहून अधिक वेळ बाहेर खेळणाऱ्या मुलांत हा दोष कमी आढळला. वनातील गावात वाढलेले मूल उजेडात असतेच; परंतु तेच मूल निवासी शाळेत आले, की त्याचा दिवस खोल्यांत जाऊ लागतो. शहरातील मुलाचा वेळ शिकवणी आणि भ्रमणध्वनी यांत जातो.

आपल्याकडील उन्हाळा मात्र लक्षात घ्यावा लागतो. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. यास्तव उन्हात उभे करणे हा अर्थ घेऊ नये. झाडाच्या सावलीतही वर्गखोलीच्या अनेक पट उजेड असतो. सकाळच्या सत्रातील पाढे, वाचन, प्रार्थना कडुनिंबाखाली घेता येतात. ताडोबा व ब्रह्मपुरीच्या परिसरात वाघाचे भय असल्याने पहाटे किंवा सांजवेळी मुलांना बाहेर पाठवू नये. हा वेळ शाळेच्या आवारात, कुंपणाच्या आत आणि शिक्षकांच्या नजरेखालीच द्यावा. सूर्याकडे थेट पाहू नये, हेही मुलांना सांगावे.

कोणी काय करावे

शिक्षकांनी शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात दोरी व तक्ता घेऊन प्रत्येक मुलाचे दोन्ही डोळे तपासावेत आणि नोंद ठेवावी. शाळा व्यवस्थापन समितीने यादीतील किती मुलांना चष्मा मिळाला आणि किती जण तो वापरतात, हे बैठकीत विचारावे. ग्रामपंचायतीने तपासणीच्या दिवशी वाहनाची सोय करावी व मोडलेल्या चष्म्यासाठी थोडी तरतूद ठेवावी. चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी व भामरागड येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांनी आश्रमशाळांच्या वार्षिक तपासणीत दृष्टीचा रकाना भरला आहे की नाही, ते पाहावे. ज्यांना रात्रीची भिंगे घ्यावयाची आहेत, त्या पालकांना वर दिलेल्या अटी समजावून सांगाव्यात. त्यांना नाउमेद करू नये, पण भुलूही देऊ नये.

रात्रीची भिंगे हे नेत्रविज्ञानाचे मोलाचे साधन आहे आणि पुढे तज्ज्ञ, यंत्रे व दळणवळण यांची सोय वाढेल तसा त्याचा लाभ अधिक मुलांना होईल. परंतु ज्या मुलाला आजच फळा दिसत नाही, त्याची इयत्ता तोवर थांबणार नाही. त्याच्यासाठी सहा मीटरची दोरी, योग्य नंबरचा चष्मा आणि झाडाखालचा एक तास या तीन गोष्टी प्रत्येक गावाच्या आवाक्यात आहेत.